शेवटच्या शब्दापासून

त्या छापखान्यात ताईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही कागद मशीनवर चढत नसे. पावतीपुस्तकं, औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, आणि दर गुरुवारी एक आठ पानी साप्ताहिक. सव्वीस वर्षं त्या हेच करत होत्या, आणि ते करण्याची त्यांची एक पद्धत होती. त्या उलटं वाचायच्या. पानाच्या तळाच्या ओळीतला शेवटचा शब्द आधी, मग त्याच्या अलीकडचा, मग त्याच्या अलीकडचा, असं करत करत वर मथळ्यापर्यंत.

ही सवय वडिलांनी लावलेली. सरळ वाचलं की माणूस गोष्टीत रमतो आणि पुढचा शब्द स्वतःच ठरवून मोकळा होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटून वाचलं की वाक्य बनतच नाही. शब्द सुटे राहतात आणि चुकलेला शब्द आपसूक डोळ्यांत खुपतो. वडिलांचा दुसरा नियम असा, की मजकुराला हात लावायचा नाही. लिहिणारा मूर्ख असो की खोटारडा, आपण अक्षरं बघायची, अक्कल त्याची त्याला. तिसरा नियम ताईंनी स्वतः केला होता: छापून आलेला अंक उघडायचा नाही. एखादी सुटलेली चूक दिसली तर पुढचे दोन दिवस त्यांना जेवण गोड लागत नसे.

त्यामुळे गंमत अशी होती की गावातल्या निम्म्या भानगडी ताईंच्या डोळ्यांखालून गेल्या होत्या आणि त्यांना त्यातली एकही माहीत नव्हती.

त्यांचा धाकटा भाऊ ही गंमत गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचा. वडील गेल्यापासून, म्हणजे दीड वर्षापासून, मालकाच्या खुर्चीवर तोच बसत होता. "आमच्या ताईला विचारा सहाव्या पानावर काय होतं, नाही सांगता यायचं!" तो म्हणायचा. "पण चूक? एक दाखवा आणि छपाई फुकट घेऊन जा." गिऱ्हाईक हसायचं. ताई खाली मान घालून लाल पेन्सिलीला टोक काढत राहायच्या, पण मनातून त्यांना बरं वाटायचं. खोटं कशाला बोला, त्या कौतुकाची त्या वाट बघायच्या. लग्न केलं नव्हतं. छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत त्या राहत होत्या, आणि आई लवकर गेल्यामुळे या भावाला अक्षर न् अक्षर त्यांनीच शिकवलं होतं, ओळीखाली बोट ठेवून. तो त्यांचं कौतुक करतो म्हणजे शिकवलेलं वाया गेलं नाही, असं त्यांना वाटायचं.

पंधरा दिवसांपूर्वी त्याने चार पानी टाइप केलेला कागद त्यांच्या टेबलावर ठेवला होता. "कराचं काहीतरी लफडं आहे गं," तो म्हणाला. "बाबांच्या नावाने किती दिवस भरत बसायचं? एका नावावर केलं की कटकट संपली. त्या टायपिस्टने चुकांचा नुसता पाऊस पाडलाय. जरा नजर घाल ना." ताईंनी नजर घातली. शेवटून. अकरा चुका निघाल्या, लाल पेन्सिलीने दुरुस्त केल्या, आणि सवयीप्रमाणे तळाशी 'तपासले' लिहून खाली सही आणि तारीख टाकली. कागदाची एक प्रत नेहमीसारखी त्यांच्या फायलीत गेली. चार दिवसांनी भाऊ म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी अकरा वाजता नोंदणी कचेरीत जायचंय. एक सही, एक अंगठा, अर्ध्या तासाचं काम." ताई बरं म्हणाल्या. भाऊ म्हणतोय म्हटल्यावर आणखी काय विचारायचं?

तो शुक्रवार उद्यावर आला होता. आज गुरुवार, दुपारचे अडीच, आणि साप्ताहिकाची पानं टेबलावर. सहावं पान 'वकिलांना विचारा' या सदराचं. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी माझ्या गच्चीवर येते, तिची फळं कोणाची? आत्याने पेन्सिलीने लिहिलेलं मृत्युपत्र चालेल का? घरातल्या घरात शिवणकाम केलं तर परवाना लागतो का? असले प्रश्न दर आठवड्याला येत, आणि एक म्हातारे वकीलसाहेब त्यांना उत्तरं देत. ताईंनी पान तपासलं होतं, दोन वेलांट्या दुरुस्त केल्या होत्या, आणि मशीनवाले काका शाई ढवळत थांबले होते.

तेवढ्यात वकीलसाहेबांचा फोन आला.

"ताई, पान गेलं का मशीनवर? नाही ना? देव पावला. तो तिसरा प्रश्न, बहिणीचा, त्याला मी फार घाईत उत्तर दिलंय. थोडं वाढवायचंय. पण पत्र घरी राहिलं. जरा प्रश्न वाचून दाखवता का?"

"हो, दाखवते की," ताई म्हणाल्या. एका हाताने रिसीव्हर कानाशी धरून त्यांनी पान पुढे ओढलं. फोनवर उलटं वाचून कसं चालेल? त्यांनी पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.

"'आमचे वडील मृत्युपत्र न करता वारले. त्यांच्या नावावर एक लहान कारखाना आणि त्यावरच्या दोन खोल्या आहेत. वारस दोघंच, मी आणि माझी बहीण. बहीण त्या खोल्यांत राहते आणि धंद्यात पूर्वीपासून मदत करते, पण कुठल्याही कागदावर तिचं नाव नाही.'"

किती घरांत असंच असतं, असं ताईंच्या मनात आलं. बिचारी.

"'ती आपला हिस्सा माझ्या नावे सोडून देणार आहे. कागदाचा मसुदा तिने स्वतः तपासला असून खाली 'तपासले' असं लिहून...'"

ताई थांबल्या.

"हं, पुढे?" वकीलसाहेब म्हणाले.

"'...लिहून सही केली आहे,'" ताई वाचत राहिल्या. आवाज आपला आहे की दुसऱ्या कोणाचा, हे त्यांना कळेना. "'मला काही माहीत नव्हतं असं ती पुढे म्हणाली, तर ही सही पुरावा म्हणून चालेल का? आणि नोंदणी झाल्यावर खोल्या किती दिवसांत रिकाम्या करून घेता येतात? एक वाचक.'"

"लबाड आहे हो हा वाचक!" वकीलसाहेब म्हणाले. "मी आपलं सरळ लिहून गेलो, की नोंदलेला हक्कसोड सहजासहजी मोडता येत नाही. हा ते कापून भिंतीला लावील. लिहून घ्या: 'मात्र तपासणे म्हणजे समजून घेणे नव्हे. बहिणीला कागद सावकाश वाचू द्या, तिचा स्वतःचा वकील सोबत असू द्या. फसवून घेतलेली सही उद्या तुमच्याच गळ्यात येईल.' घेतलंत?"

"घेतलं." पेन्सिल चालत होती. सव्वीस वर्षांची सवय, हात थांबला नाही. मग त्यांनी विचारलं, "साहेब, त्या बहिणीने सहीच केली नाही तर?"

"तर काय? अर्धं तिचंच आहे की. नाही म्हणायचं आणि घरी बसायचं. त्याला कायदा लागत नाही, हिंमत लागते. ताई, आवाज का असा येतोय तुमचा?"

"लाइन खराब आहे," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यांनी कपाटातून फाइल काढली. त्या चार पानांची प्रत वरच होती. ती त्यांनी पहिल्या शब्दापासून वाचली. कोणताही मोबदला न घेता. स्वखुशीने. पूर्ण विचारांती. माझा व माझ्या वारसांचा कायमचा हक्क सोडून देत आहे. 'कायमचा'मध्ये टायपिस्टने एक काना खाल्ला होता आणि त्यांनी तो लाल पेन्सिलीने नीट भरून दिला होता. स्वतःला घराबाहेर काढणारा कागद त्यांनी स्वतःच शुद्ध करून दिला होता, वर सहीसुद्धा ठोकली होती.

रडू येत नव्हतं, संताप येत होता, आणि संतापाच्याही आधी लाज. हिस्सा लाटायला निघालेले भाऊ जगात थोडे नसतात. पण याने त्यांच्या भोळेपणाचा फायदा घेतला नव्हता. त्याने त्यांच्या हुशारीचा घेतला होता. ज्या गोष्टीचं चारचौघांत कौतुक करायचा, तिच्यावरच हिशोबीपणे डाव टाकला होता. वकिलाची फी वाचवायला प्रश्न याच साप्ताहिकाला पाठवला, कारण ताई पान तपासणार आणि त्यांना एक अक्षर कळणार नाही, याची त्याला पक्की खात्री होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि 'मदत करते'! सव्वीस वर्षांचं नाव मदत!

"ताई, पान?" मशीनवाले काका दारातून म्हणाले.

"पाच मिनिटं थांबा, काका."

भाऊ बाहेरून आला तो घाईतच. त्याच्या हातात ताईंच्या फोटोच्या छोट्या प्रती होत्या, उद्याच्या कागदाला चिकटवायच्या. "बघ, चांगला आलाय फोटो," तो म्हणाला. "उद्या साडेदहाला निघू."

ताईंनी सहावं पान त्याच्यासमोर सरकवलं. "तिसरा प्रश्न वाच."

"आत्ता? काका खोळंबलेत तिकडे."

"मोठ्याने वाच. ओळीखाली बोट ठेव. शिकवलंय मी तुला."

त्याने पान उचललं. "आमचे वडील मृत्युपत्र न करता..." बोट ओळीवरच राहिलं. त्याने एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा फायलीतल्या उघड्या कागदाकडे.

"असले प्रश्न शंभर येतात गं," तो म्हणाला.

"येतात. पण मसुदा तपासून खाली सही करणारी बहीण शंभरांत एकच आहे."

"तू वाचलंस?" त्याच्या तोंडून निघून गेलं. ताईंना सगळ्यात जास्त लागलं ते हे. अपराध्याचा चेहरा नव्हता तो. तो चक्रावला होता, नेहमीचं मशीन अचानक उलटं फिरावं तसा.

"वकीलसाहेबांनी वाचायला लावलं."

"तुला कोण बाहेर काढतंय? नुसतं विचारून ठेवलं होतं. धंद्यावर कर्ज काढायचं तर जागा मोकळी दाखवावी लागते. बँकवाले..."

"मग मला विचारायचं होतंस. वर जिन्याने वीस पायऱ्या. पोस्टाच्या तिकिटाचा खर्चसुद्धा वाचला असता."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, तो प्रश्न काढून टाक पानातून. लोक ओळखतील. बाबांचं नाव आहे या छापखान्याला. जागा भरायला एखादी जाहिरात टाकू."

"मजकुराला हात लावत नाही मी," ताई म्हणाल्या. "बाबांचाच नियम आहे."

त्यांनी वकीलसाहेबांचा वाढीव मजकूर पानावर कुठे बसवायचा त्याची खूण केली, खाली सही केली आणि पान स्वतः नेऊन काकांच्या हातात दिलं. "ही तीन वाक्यं वाढवून घ्या. आणि उद्या मी रजेवर नाही, काका. दिवसभर इथेच आहे."

थोड्या वेळाने मशीन सुरू झालं आणि टेबलावरची पेन्सिल हलायला लागली. भाऊ अजून तिथेच उभा होता, फोटोंचं पाकीट धरून. ताईंनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि खणात टाकलं.

"ताई," तो मशीनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला, "मी सरळ मागितलं असतं, तर दिलं असतंस?"

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. याच तोंडाने तो 'कमळ' वाचायला शिकला होता, 'ळ' जमेना म्हणून रडला होता.

"दिलं असतं रे," त्या म्हणाल्या.

"काय?" त्याला ऐकू आलं नव्हतं. "काय म्हणालीस?"

त्यांनी ते पुन्हा सांगितलं नाही. औषधांच्या लेबलांचं प्रूफ पुढे ओढलं, चष्मा पुसला, आणि वरच्या पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली.