पाचव्या दिवसाची डिश

माझी चूक दुसऱ्या कुणी पकडली असती तर बरं झालं असतं, निदान बोंब तरी त्यानं मारली असती. पण ती सापडली मलाच, रविवारी सकाळी, आणि तिथनं पुढचे पाच दिवस मी बोंब पोटात घेऊन फिरलो.

मी कृष्णात, गारगोटीकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. कोल्हापुरात पद्मजा मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. करतोय. आमचं काम यीस्टचं. यीस्ट म्हणजे साखर खाऊन इथेनॉल करणारी एका पेशीची बुरशी. तिच्या अंगाभोवती पातळ पडदा असतो आणि त्या पडद्यात प्रथिनांची दारं. साखर आत जाते ती ह्या दारांतनंच. ग्लुकोजला दारंच दारं हायत, पण उसाच्या चोथ्यातनं निघणारी झायलोज नावाची साखर, तिला स्वतःचं एकबी न्हाय. ती ग्लुकोजच्या दारात ताटकळत उभी, आणि ग्लुकोज तिला ढकलून पुढं. त्यामुळं चोथ्यातली बरीच साखर तशीच राहते आणि इथेनॉल कमी निघतं.

मॅडमनी शाहूवाडीत भाताच्या कुजलेल्या पिंजरावरनं, म्हणजे पेंढ्यावरनं, एक बुरशी आणलती. तिला झायलोजचं खास दार असणार, असा त्यांचा अंदाज. त्या दाराचा जीन मी आमच्या यीस्टमध्ये घातला. आमचं यीस्टबी साधं न्हवं. त्याची ग्लुकोजची जुनी दारं काढून टाकलेली, आणि झायलोज पचवायची सोय तेवढी आत करून ठेवलेली. म्हणजे मामला सोपा. नुसत्या झायलोजवर ते वाढलं, तर नवं दार चालतंय.

आणि वाढलं की! झायलोज घातलेल्या काचेच्या डिशवर पाचव्या दिवशी यीस्टचे पांढरे ठिपकेच ठिपके. मी व्हरांड्यात नाचलो. मॅडम अठरा वर्षं ह्याच दाराच्या मागं लागलेल्या, आणि येत्या मार्चमध्ये रिटायर होणार. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि तिथल्या तिथं एका डिस्टिलरीला फोन लावला. डिस्टिलरीनं प्रकल्प दिला तर मार्चनंतरबी मॅडमची लॅब चालू राहणार होती. पावणं शुक्रवारी बारा वाजता येणार, असं ठरलं.

रविवारी मी स्लाईड करायला बसलो. डावीकडं कंट्रोल, उजवीकडं आमची डिश. कंट्रोल म्हणजे तेच यीस्ट, पण नवं दार न घातलेलं. ते वाढता कामा नये. फोटोत ते एकदम रिकामं दिसत होतं. मग माझी नजर फोटोंवरच्या तारखांवर गेली. आमच्या डिशचा फोटो पाचव्या दिवसाचा, आणि कंट्रोलचा दुसऱ्या दिवसाचा.

झालतं असं. आमच्याकडं डिशा काचेच्या. धुवायच्या, वाफवायच्या, परत वापरायच्या, आणि त्या कायम कमीच पडतात. दुसऱ्या दिवशी आमचे लॅबमधले जुने शिपाई, आकाराममामा, "झाल्याल्या डिशा द्या, धुवायला टाकतो" म्हणत आले. मी कंट्रोल बघितलं. रिकामं. आता ह्यात काय उगवणार हाय, म्हटलं, आणि फोटो काढून देऊन टाकलं. मुलखाचा घायकुता माणूस मी! दुसऱ्या दिवशी आमचीबी डिश रिकामीच होती, हे टाळक्यात आलंच न्हाय.

त्याच रविवारी दुपारी बारा वाजता दोन्ही डिशा नव्यानं लावल्या. शुक्रवारी बाराला बरोब्बर पाच दिवस होत होते. मॅडमना सांगावं का? न्हाय, म्हटलं. कंट्रोल रिकामं निघालं की विषय मिटला, उगंच त्यांच्या जिवाला घोर कशाला.

घोर सगळा माझ्याच जिवाला लागला. सोमवारी डिशा उबेला ठेवलेला इन्क्युबेटर तासातासाला उघडला. मंगळवारी आकाराममामा म्हणाले, "काय ओ, अंडी उबवायला ठेवलायसा व्हय आत?" बुधवारी जेवण जाईना. दुपारी गाडी काढली आणि उगंच हुपरीपर्यंत गेलो. एका चांदीच्या दुकानासमोर उभा राहिलो तर दुकानदार म्हणतोय, "या पावणं, पैंजण दाखवू?" माझं लगीन न्हाय, काय न्हाय. तसाच माघारी आलो आणि परत इन्क्युबेटर उघडला. अजून दोन्ही रिकाम्या. गुरुवारी आमच्या डिशवर बारीक ठिपके आले. कंट्रोलवर मला एक दिसला, मग वाटलं दिसला न्हाय, मग भिंग आणलं, आणि भिंगातनं बघायचं धाडस होईना म्हणून परत ठेवून दिलं.

शुक्रवारी नऊ वाजता भिंग लागलंच न्हाय. दोन्ही डिशा सारख्याच वाढलेल्या. नवं दार असू दे न्हायतर नसू दे, यीस्टला झायलोज मिळतच होती, कुठल्या तरी आमच्या ध्यानात न आलेल्या वाटेनं.

मॅडम साडेअकराला आल्या, नवी साडी नेसून, हातात फाईल. माझ्यापुढं दोन वाटा होत्या. जुना फोटो दाखवला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण मी दोन्ही डिशा त्यांच्यासमोर ठेवल्या आणि सगळं सांगून टाकलं. त्या बराच वेळ डिशा उजेडात धरून बघत राहिल्या.

"तुला कधी कळलं?"

"रविवारी."

त्यांनी हातातली फाईल टेबलावर ठेवली. पावणं आल्यावर एवढंच म्हणाल्या, "डिशा घेऊन आत चल. तू सांग."

मी सांगितलं. डिस्टिलरीचे मॅनेजर, उदयसिंह साहेब, शांतपणे ऐकत होते. "म्हणजे तुमचं दार हाय का न्हाय?"

"हाय म्हणायला आज पुरावा न्हाय, साहेब."

"बरं केलंसा, सांगितलंसा. पण मग आम्ही सही कशावर करायची?" त्यांनी चहा संपवला, मॅडमना नमस्कार केला आणि गेले.

मॅडम कपबश्या गोळा करायला लागल्या. मला ते बघवेना. "मॅडम, शिव्या द्या मला. चार कानाखाली द्या."

"डिश टाकलीस ती घाई झाली. तशी घाई मीही केली आहे." त्यांनी ट्रे खाली ठेवला. "पण मंगळवारी पुढच्या तीन वर्षांचा बेत मी तुला वाचून दाखवला, कृष्णात. पानंच्या पानं. तू समोर बसून मान हलवत होतास. त्या दिवशी सांगितलं असतंस, तर मी काय खाल्लं असतं तुला?"

मी न्हाय म्हणालो. आणि मग जे रडू फुटलं, ते काय केल्या थांबंना.