उंबऱ्याखालची करणी

अजिनाथच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भागवतबुवानं उंबऱ्यावर लिंबू ठेवलं, झोळीतून सुरी काढली आणि चरकन कापलं. फोडींतून लालभडक रस ओघळला. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"रगत!" कुणीतरी ओरडलं.

"रगतच!" बुवानं डोळे गरगरा फिरवले. "घर इकलं जाऊ नये म्हनून कुनीतरी उंबऱ्याखाली करणी पुरलीया. उंबऱ्याला जो शिवंल त्यो आठ दिसांत आडवा!"

बोलणं लोकांना पटकन पटलं. अजिनाथला नगरला नोकरी लागली होती, म्हणून मिरजगावचं घर विकायला काढलेलं. जानेवारीत तीन गिऱ्हाइकं घर बघून गेली आणि तिघंही तापानं पडली. चौथं कोपऱ्यावरूनच माघारी फिरलं. गावभर फ्लूची साथ होती, पण बोट या एकाच घराकडे दाखवलं जात होतं. आता अजिनाथची आई, छबूबाई, अंथरुणाला खिळली होती.

"औषध दिलं तर करणी पोटात उतरंल," बुवानं बजावलं. "दारं-खिडक्या लावा. सात दिस धूर करा. म्हातारीला हलवायचं न्हाई."

मी त्यांची शेजारीण, शाळेत विज्ञान शिकवते. दोन दिवस भिंतीपलीकडून छबूबाईंचा खोकला ऐकत राहिले. दुसऱ्याच्या घरात कशाला बोला, म्हणून गप्प बसले. तिसऱ्या दिवशी खोकला थांबला. त्याच्या जागी नुसती घरघर ऐकू यायला लागली. मला खोकल्यापेक्षा तिचीच जास्त भीती वाटली.

मी गेले तर अंगणात पुन्हा गर्दी, पुन्हा लाल लिंबू. कडेला पॉल उभा होता. गिऱ्हाइकं येत होती तेव्हा घराला बाहेरून रंग यानंच दिला होता.

"पॉल, दुपारचा डबा कुठं बसून खायचास?"

"हितंच, उंबऱ्यावर. आठ दिस."

"ताप आला?"

"न्हाई बा. आत गेलोच न्हाई. वयनी लई खोकत हुत्या."

सगळ्यांच्या नजरा अजिनाथच्या बायकोकडे, विजयमालाकडे वळल्या. ती खाली मान घालून म्हणाली, "बाई, तिघांनाबी घर मीच दाखवलं. अंगात कसकस हुती. थंडीचं म्हनून खिडक्या लावल्या हुत्या. तासतासभर जवळ बसून चहा पाजला."

"करणी उंबऱ्याखाली असती तर सगळ्यात आधी पॉल पडला असता," मी म्हणाले.

बुवा खवळला. "शाळंतलं शानपन शाळंत! रगत दिसलं न्हाई का?"

"दिसलं. आता या घरातल्या विळीवर कापा."

त्यानं हात मागे घेतला. मग मीच कापलं. साधा पांढुरका रस निघाला. अंगणातल्या जास्वंदीचं फूल तोडून पाकळ्या विळीच्या पात्यावर चोळल्या, रस वाळू दिला आणि दुसरं लिंबू कापलं. लाल!

"जास्वंदीच्या रंगाला आंबट लागलं की तो लाल होतो. बुवांनी सुरी घरूनच माखून आणलीय."

बुवानं झोळी उचलली. फाटकातून बाहेर पडताना एवढंच म्हणाला, "म्हातारी गेली तर माझ्याकडं येऊ नका."

अजिनाथनं खोलीचं दार ढकललं. धुरानं डोळे मिटले. छबूबाईंची नखं निळी पडली होती. जीपमध्ये घालून आम्ही त्यांना नगरला नेलं. डॉक्टर म्हणाले, फ्लू आहे, फुप्फुसात उतरलाय, त्यात हा धूर.

तीन दिवसांनी त्या गेल्या.

दवाखान्याच्या पायरीवर अजिनाथनं विचारलं, "बाई, दोन दिस आधी आनली असती तर?"

खोटं बोलणं मला जमलं नाही. "वाचायची शक्यता बरीच होती," मी म्हणाले.

बुवा आज कुठल्या गावात आहे, ठाऊक नाही. लिंबू मात्र कुठंतरी लाल होत असेल. म्हणून सांगते. घरात ताप असेल तर घर दाखवणं आठ दिवस पुढे ढकला, गिऱ्हाईक पळून जात नाही. खिडक्या उघडा, तोंड झाकून खोका. म्हाताऱ्या माणसाला धाप लागली तर कुणा बुवाच्या नादी लागू नका, दवाखाना गाठा. आणि शेजारी असाल तर वेळेवर बोला. मी बोलले, पण दोन दिवस उशिरा.