काकांचा मरणाचा सराव

भोंग्याचे काका दर रविवारी सकाळी मरत. नाश्ता झाल्यावर. उपाशीपोटी मरणं त्यांना पटत नसे.

जन्मभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस. "मरणाशी येणं-जाणं ठेवलं की ते अंगावर येत नाही," असं त्यांचं म्हणणं. म्हणून सतरंजीवर सरळ आडवं व्हायचं, हनुवटीपर्यंत चादर, डोळे बंद. घरच्यांनी ते नाहीत असं समजून आपापली कामं करायची. काकू हा नियम चोख पाळत. कपड्यांची बादली घेऊन त्यांना ओलांडत आणि म्हणत, "मेल्यावरही वाटेतच."

भोंगा ही त्यांची पुतणी. शाळेत जाणारी, आवाज खणखणीत, म्हणून हे नाव. दर रविवारी ती काकांवर नवी शोककविता रचून उशाशी वाचत असे. शब्द कच्चा वाटला की मेलेले काका चादरीतून बोट वर करत. 'अश्रूंचा महापूर' आला तेव्हा दोन्ही हातांची बोटं वर आली होती.

एका रविवारी नाश्त्याला उशीर झाला आणि काका आधीच आडवे झालेले दिसले. स्वयंपाकघराच्या दारात, चादरीशिवाय.

"आज जागा बदलली वाटतं," म्हणत काकू त्यांना ओलांडून दूध बघायला गेल्या.

भोंग्याने वाचायला सुरुवात केली. "तुम्ही उठून गेलात, खुर्ची बसून राहिली..." बोट नाही. दुसरं कडवं, तरी नाही. तिसरं संपेपर्यंत भोंग्याची खात्री पटली, की आपण मोठ्या कवयित्री झालो. तरी खुंटी हलवून पाहावी म्हणून तिने मध्येच महापूर घुसवला.

काका ढिम्म.

"काकू, काका बघा ना."

"त्यांचं नेहमीचंच आहे."

"काकू, मी महापूर म्हटलं."

काकूंनी गॅस बंद केला. पातेलं नीट खाली ठेवलं. मग त्या जिन्याकडे धावल्या.

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई चप्पल न घालताच आल्या. काकांनी मधुमेहाची गोळी घेतली आणि खाल्लं काहीच नाही, म्हणून साखर पार उतरली होती. त्यांनी सुई टोचली. थोड्या वेळाने काकांनी डोळे उघडले.

"काय दिसलं?" भोंग्याने विचारलं. पेन तयार होतं.

"हिची टाच," काका म्हणाले. "पार भेगाळली आहे. पाठ केलेलं एक वाक्य आठवेल तर शपथ. एवढंच वाटलं, हिला मलम आणायचं राहिलं."

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. "मी तुम्हाला ओलांडून गेले."

"नियमच होता."

"तुमचा होता. आता माझा ऐका. मी हाक मारली की ओ द्यायची. कुठेही असा."

तेव्हापासून काका मरत नाहीत, सवडच मिळत नाही. काकू भाजी चिरता चिरता हाक मारतात, "अहो." पेपरामागून उत्तर येतं, "आहे." भोंगा यावर कविता करायला बसली, पण दोनच शब्द झाले आणि पुढे काही घालावंसं वाटेना.

परवा हाक गेली तेव्हा काका आंघोळीला होते.

"आहे," आतून आवाज आला.

"मग बाहेर या," काकू म्हणाल्या. "केव्हापासून पाणी वाहतंय."