बहिणीने लिनक्सवर नेलेला खेळ

मित्रांनो, मी एक जुना खेळ आहे. मैदानावरचा नव्हे, संगणकावरचा. माझ्यात एक समुद्र आहे, दाट धुके आहे, आणि त्या धुक्यात चुकलेल्या होड्यांना घंटा वाजवून किनाऱ्याला आणायचे असते. एवढेच. पण एवढे करायलाही मला घडवणाऱ्याला तीन वर्षे लागली. तो नकाशे काढण्याच्या कचेरीत नोकरी करी आणि सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मला लिहीत बसे. त्याचा संगणक विंडोजवर चाले, म्हणून मीही विंडोजचाच झालो. लोकांना मी आवडलो. एका शिक्षिकेने तर कळवले की माझी घंटा वाजली की तिचा दंगेखोर वर्ग चिडीचूप होतो. ते वाचून स्वारी आठवडाभर हवेत होती.

त्याची धाकटी बहीण वाचनालयात काम करत असे आणि तिथले संगणकही तीच सांभाळी. तिथल्या बाराही संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली होती, त्यामुळे तिथे मी उघडतच नसे. मुले तिला सारखी विचारत, "तुमच्या दादाचा खेळ इथे का नाही?" शेवटी एक दिवस ती त्याच्याकडे आली.

"दादा, लिनक्ससाठीही कर ना तयार."

"मूठभर लोकांसाठी एवढा खटाटोप कोण करणार?"

"मी करते. तुझा कोड दे फक्त."

तो हसला. "घे बाई. डोकं धरून बसशील."

ती बसलीही, आठ महिने. पहिल्यांदा मी तिच्या पडद्यावर उघडलो तेव्हा समुद्र होता, होड्या होत्या, धुक्याचा मात्र पत्ता नव्हता. दादाने धुक्याच्या चित्राला मोठ्या इंग्रजी अक्षराने सुरू होणारे नाव दिले होते आणि कोडमध्ये तेच नाव लहान अक्षराने लिहिले होते. विंडोजला ते चालून जाते, लिनक्सला दोन्ही नावे वेगळी वाटतात. तिने माझ्या चारशे बारा फाइलींची नावे एकेक करून तपासली. मग घंटेचा आवाज फाटका येऊ लागला, तेव्हा आवाजाची सगळी व्यवस्थाच तिने नव्याने बसवली. ज्या दिवशी धुके उतरले आणि घंटा स्वच्छ वाजली, त्या दिवशी इतरांना "हळू बोला" म्हणणाऱ्या तिने भर वाचनालयात टाळ्या वाजवल्या.

"दादा, आमच्या बाराही संगणकांवर चालतोय," तिने सांगितले. "पण ते सगळे एकाच धाटणीचे आहेत. लोकांकडे लिनक्सचे नाना प्रकार असतात. पंधरा दिवस दे, वेगळ्या संगणकांवर बघून घेते."

"अगं, चालतोय ना? मग झालं तर! पंधरा दिवस कसले घेऊन बसलीस?"

त्याच दुपारी त्याने मला आपल्या संकेतस्थळावर ठेवले. 'माझा खेळ आता लिनक्सवरही!' असे वर लिहिले. तिचा उल्लेख करायचे त्याला सुचलेही नाही.

दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. कित्येकांकडे मी उघडेचना. आवाजासाठी लागणारा एक भाग वाचनालयातल्या संगणकांवर आधीपासून होता, त्यामुळे तो माझ्याबरोबर बांधून द्यायला हवा हे तिच्या ध्यानात आले नव्हते. असे काही निसटले असेल, म्हणूनच तर तिने पंधरा दिवस मागितले होते. लोक वाटेल ते लिहू लागले. दादा गडबडला आणि त्याने सगळ्यांसमोर उत्तर दिले, "लिनक्सचं काम माझ्या बहिणीनं केलंय. तिला अनुभव नाही. माझा मूळ खेळ ठणठणीत आहे."

पुस्तकावर शिक्का मारता मारता तिने ते वाचले. शिक्का तिरका उमटला. त्यानंतर नऊ दिवस खपून तिने मला दुरुस्त केले, एकेका माणसाला माफीचे उत्तर लिहिले आणि मला दादाच्या हवाली केले.

"आता सगळीकडे चालेल. पुढचं तू बघ."

"रागावलीस?"

"नाही रे. काम झालं, एवढंच."

ती कडाकडा भांडली असती तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

तिचे काम पक्के होते. चार वर्षे मी सगळीकडे सुरळीत चाललो. पण संगणक बदलत राहतात, त्यांच्याबरोबर माझ्यासारख्यालाही अधूनमधून हात लावावा लागतो. दादाला ते जमेना. त्याने तिचा कोड उघडला. अवघड जागांपाशी तिने टिपा ठेवल्या होत्या. एक अशी होती : 'दादा, इथे घाई करू नकोस, घंटा अडकते.' ती ओळ त्याने पुन्हा वाचली. मग त्याने तिला फोन लावला.

"थोडं विचारायचं होतं," तो म्हणाला.

"विचार ना."

"काही नाही. सहज. बरी आहेस ना?"

"बरी आहे. वहिनी कशी आहे?"

आणि फोन संपला. काही दिवसांनी लिनक्सवरचा मी कायमचा बंद पडलो.

गेल्या महिन्यात दादाने माझ्या पहिल्या पडद्यावर स्वतःच्या नावाखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, तिचे नाव लिहिले. पण बदल करता येण्याजोगा उरलो होतो तो विंडोजवरचा मी. तिच्याकडे विंडोज नाही. रोज कोण कुठले अनोळखी लोक ते नाव वाचतात. तिने ते अजून पाहिलेले नाही.

मित्रांनो, तुमच्यासाठी कोणी राबले, तर त्याचे नाव चूक निघेपर्यंत राखून ठेवू नका. आणि उशीर झालाच असेल, तर पडद्यावर लिहून गप्प बसू नका, जाऊन भेटा. तिचे घर दादाच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे.