पुढचं चाक

"नाना, एका खेळण्यासाठी धुळ्याहून यायचा त्रास कशाला घेतला? फोन केला असता तर पाठवून दिलं असतं," प्रेमराजभाऊ सोफ्यावर रेलून म्हणाले.

"तीन फोन केले, भाऊ. तुमच्या माणसाने तिन्ही वेळा सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत." सुकदेवनाना उभेच होते. दोनदा सांगूनही बसले नव्हते. "आणि ते खेळणं नाही."

विमान समोरच्या शोकेसमध्ये होतं, चार गणपती आणि क्रिकेट स्पर्धेच्या ढालीमध्ये दाटीवाटीने. ओतीव धातूचं, वीतभरही नसलेलं, नॅट या लढाऊ विमानाचं मॉडेल. एकाहत्तरच्या लढाईत नाना हवाई दलात फिटर होते. पंचाहत्तरीला मुलाने, भूषणने, ते परदेशातून मागवलं होतं. शेपटीवरचा छापील क्रमांक नानांनी खरवडून काढला आणि बारीक ब्रशने दुसरा लिहिला. त्या क्रमांकाचं खरं विमान डिसेंबरातल्या एका सकाळी त्यांच्या तपासणीच्या सहीने उडालं आणि परत आलं नाही. त्या दिवशी त्यांनी हत्यारांची पेटी तीनदा तपासली. प्रत्येक पाना आपापल्या खाचेत होता. चूक आपली नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते आजही मोजत होते.

पंधरा ऑगस्टला धुळ्याच्या एका शाळेने माजी सैनिकांचा सत्कार ठेवला. मगन सरांनी प्रदर्शनाच्या टेबलासाठी विमान हौसेने मागून नेलं. प्रमुख पाहुणे जळगावचे पुढारी प्रेमराजभाऊ. ऐनवेळी सन्मानचिन्ह आणणारा माणूस पोचलाच नाही. शाल झाली, नारळ झाला, आता पाहुण्यांच्या हातात काय द्यायचं? मगन सरांनी टेबलावर सगळ्यात चकचकीत होतं ते विमान उचलून भाऊंना दिलं. टाळ्या वाजल्या आणि लगेच राष्ट्रगीत सुरू झालं. नाना सावधानमध्ये उभे राहिले. भाऊंचा ड्रायव्हर विमान बगलेत मारून त्यांच्या समोरून गाडीकडे चालत गेला. त्याला राष्ट्रगीत आडवं आलं नाही, नानांना आलं. गर्दीतून वाट काढेपर्यंत गाडी फाटकाबाहेर होती.

"दिलेली वस्तू परत कशी मागायची, नाना? बरं दिसत नाही," असं मगन सर वर म्हणाले होते.

"बुडाला माझं नाव लिहिलंय," नाना आता भाऊंना म्हणाले. "वाचलं कोणी?"

"कोण वाचतं, नाना. पोतंभर सन्मानचिन्हं पडलीत घरात."

"माझ्या अंगावर शाल घातली आणि माझंच उचलून नेलं. असा सत्कार मी लढाईतसुद्धा पाहिला नाही."

भाऊंचं हसू जरा ओशाळलं. त्यांनी बायकोला खूण केली. लताबाईंनी शोकेस उघडून विमान नानांच्या हातात दिलं. "पुसायला काढलं होतं परवा," त्या पुटपुटल्या.

नानांनी ते टीपॉयवर ठेवलं. विमान नाकावर आपटलं.

"पुढचं चाक कुठंय?"

"अहो, एवढंसं चाक," भाऊ म्हणाले. "तसंही उडणार थोडंच आहे ते? एखादा मणी चिकटवून घ्या."

नानांच्या कपाळावरची शीर तटतटली. आवाज मात्र चढला नाही, खाली आला, आणि त्यातली शहरी मराठी गळून नुसती अहिराणी उरली.

"भाऊ, आमनाकडे एक पाना कमी भरना ते इमान उडे नही. बठ्ठा गुडघावर बसीसन धुंडेत. साहेब बी." विमान उचलून ते दारात जाऊन उभे राहिले. "चाक सापडस नही तवलोंग कोनी हालानं नही."

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं.

आधी लताबाई वाकल्या. मग कडक इस्त्रीचा पांढरा कुडता सावरत भाऊही गालिच्यावर उतरले आणि मोबाईलचा उजेड सोफ्याखाली मारत सरकू लागले. हातातला फोन वाजत होता. बाहेर व्हरांड्यात भेटायला आलेली माणसं खोकत होती. नाना दारातून हलले नाहीत.

वीस मिनिटांनी शोकेसच्या पायाशी, गालिच्याच्या झालरीत, लताबाईंना ते सापडलं. मसुरीच्या दाण्याएवढं.

नानांनी चाक रुमालात बांधलं, रुमाल शर्टाच्या खिशात ठेवला, खिशाला बटण लावलं. मग विमानाच्या एकेका भागावर बोट ठेवत, सगळं जागेवर आहे ना बघत, शेपटीपर्यंत गेले. क्रमांकावर बोट जरा थांबलं.

"बठ्ठं शे," ते म्हणाले आणि जिना उतरू लागले.

भाऊ अजून गुडघ्यांवरच होते, कुणी उठा म्हणेल याची वाट पाहत.