खारट हाताची सून

वाळू उपसणाऱ्या बोटी आमच्या किनाऱ्याला लागल्या, त्या वर्षापासून समुद्र पाहुण्यासारखा येऊ लागला. आधी अंगणात आला, मग ओट्यावर आला, मग चुलीपाशी आला. पाहुणा कधीतरी उठून जातो. हा विहिरीत उतरला आणि तिथंच राहिला.

सासूबाईंना ते कधी पटलं नाही. विहीर त्यांच्या सासऱ्यांनी खणलेली. भात खारट लागला की म्हणायच्या, "विहिरीला नावं ठेवू नका. सूनबाईचा हातच खारट."

मी मीठ कमी करत गेले. चिमटीची अर्धी चिमूट झाली, मग तीही राहिली. बरणी फळीवर मागे सरकली. सासूबाई बोलतच राहिल्या. "नाचता येईना, अंगण वाकडं," नणंद त्यांना चिडवायची. तोवर अंगणही उरलं नव्हतं.

घर पडलं तेव्हा आम्ही टेम्पोत खाट चढवत होतो. मागची भिंत बसली, तिच्यामागून आढं. नवरा म्हणाला, "दोरी घट्ट बांध." मी बांधली.

आता तिसऱ्या मजल्यावर राहतो. नळाला गोडं पाणी. साबणाला इतका फेस येतो की भांडं धुऊन संपत नाही. नवरा दिवसभर कुठल्याशा फाटकावर उभा असतो, येतो, जेवतो, निजतो. मीही जेवते. जिभेला काही कळत नाही. वाळू सुटलेल्या पायांनाही नाही.

सासूबाई मात्र दोन घास खाऊन ताट सरकवतात. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. डॉक्टर म्हणाला, "आजार काही नाही. पण अशाच राहिल्या तर हातच्या जातील."

रविवारी नणंद आली. पहिल्याच घासाला थांबली.

"वहिनी, मीठ विसरलीस?"

मी माझ्या हाताकडे पाहिलं. आलो त्या दिवसापासून सगळं अळणीच शिजवत होते. आम्हा नवराबायकोला कळलंच नव्हतं.

"अगं आई, तू तरी सांगायचंस. तुला तर वासावरून कळतं."

सासूबाई ताटाकडे बघत होत्या. त्यांना पहिल्या घासालाच कळलं होतं. पण इथं मीठ मागायचं म्हणजे तिथं खारट काय होतं, ते कबूल करायचं.

मी उठले. बरणी आणून त्यांच्यापुढे ठेवली.

"आई, माझाच हात खारट होता. तुम्ही बोलायचात म्हणून मी मीठ घालणंच सोडलं. आता तुमच्या अंदाजानं तुम्हीच घ्या."

नणंदेनं तोंड उघडलं. मी तिच्या पानात भात वाढला.

सासूबाईंनी चिमूट घेतली, भातावर भुरभुरली. आणखी एक घेतली.

"मी म्हणतच होते," त्या म्हणाल्या.

"म्हणतच होतात."

त्यांनी भात कालवला, सगळा खाल्ला, आणि ताट पुढे केलं. मी पुन्हा वाढला. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती. तिच्याकडे बघत आम्ही तिघी जेवत राहिलो.