बेचाळिसावं नाणं

"मान दिसली! सिस्टर, मान दिसली!" जिजाबाई ओरडल्या, तसा अंजनाच्या हातातला बाभळीचा काटा थबकला.

"ओरडता काहून मावशी? काटा घसरला असता म्हंजे?"

"मांगं वेणीचा गोंडा हाय पाह्य. बाईच हाय थे!"

"गोंडा नाही थो. रोमचे राजे डोक्याले फीत बांधत. तिच्या गाठीची टोकं हायेत."

"राजे? अन् फिती?" जिजाबाईंनी तोंडाला पदर लावला. "शाळेत जात होते का मेले?"

अंजना हसली, पण भिंगावरचा डोळा तिनं हलवला नाही. परसवाड्याच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं ती रोमन नाणी जमवत होती. सोन्याचांदीची नव्हेत, ती नुसती बघायलाही पेन्शन पुरत नाही. तांब्या-काशाची, नखाएवढी, मातीनं आंधळी झालेली. दक्षिणेतला एक व्यापारी पावतीसकट टपालानं पाठवायचा. मग बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात महिनोन्‌महिने भिजवायचं, आणि शेवटी भिंग, काटा नि धीर. डबीत एक्केचाळीस राजे जमले होते. बाई एकही नव्हती. मागच्या वर्षी एका राणीला ऐन वेळी दाढी निघाली, तेव्हा अंजनानं दोन दिवस डबी उघडली नव्हती.

हे बेचाळिसावं सात महिने पाण्यात होतं. दिवस भरलेल्या सुनेसारखी त्याची बातमी गल्लीभर झालेली. शेजारच्या जिजाबाई राणीवर अडून बसल्या, त्यांची हिंदी मुलखातली सून रूपाली राजावर. हरेल तिनं सगळ्यांना भजी करून घालायची.

अंजनानं मातीचा एक कण उचलला. मग दुसरा. मानेखाली एक ठिपका उमटला, त्याला लागून आणखी, ओळीनं.

"मोती," ती पुटपुटली. "गळ्यात माळ हाय, मावशी. राजे माळ नाही घालत."

"हौ ना? रूपाली, जाय, बेसन काढ!" जिजाबाईंनी अंगणातच गिरकी घेतली.

अंजना हसत होती की रडत, भिंगामागे काही कळेना.

"आंटी, अब नाम भी देखो ना," रूपाली जागची हलेना. "बिना नाम के आपके ग्रुपवाले मानतेच नाही."

खरं होतं ते. फोनवरच्या नाणी जमवणाऱ्या मंडळींच्या यादीत बिननावाचं नाणं धरतच नसत. अक्षरं कडेच्या मातीखाली होती. अंजनानं काटा टेकवला. हिरवी खपली सुटली आणि तिच्यासोबत धातूचा पापुद्रा हलला. बारीकशी भेग थेट राणीच्या नाकापर्यंत गेली. आणखी खरवडलं तर नाव कदाचित मिळालं असतं. चेहरा नक्की गेला असता.

तिनं काटा खाली ठेवला.

"काहून थांबली वं?"

"जल्मभर हेच तर शिकली मी, मावशी. बाळ सुखरूप बाहेर आलं का हात आवरायचा."

"अन् नाव?"

"रूपालीच्या पोरीचं नाव ठेवाले तुमी किती महिने लावले?"

"पाच. तिच्या मामानं घोळ घातला ना."

"मंग? हिले तर सोळाशे वर्षं झाली. आता घाई कायची?"

एव्हाना आत गेलेल्या रूपालीच्या कढईत भजी पडल्याचा आवाज आला. अंजनानं नाणं कापसावर ठेवलं, तोंड उन्हाकडे करून. वही उघडली. एक्केचाळीस ओळी राजांच्या नावांनी भरल्या होत्या. बेचाळिसाव्या ओळीत नावाची जागा तिनं कोरी सोडली आणि पुढे सवयीच्या गोल अक्षरांत लिहिलं: स्त्री. वजन दीड ग्रॅम. प्रकृती उत्तम.